जंगलात फोन बंद! वाघ बघायला निघालेल्या कुटुंबासाठी नेमकं काय बदललंय?

गेवराईपासून ताडोबा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रवास परभणी, नांदेड असा रखडत करावा लागायचा आणि पोहोचेपर्यंत अर्धी सुट्टी गाडीतच संपायची. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि गणित बदललं. आता शहागड, अंबड करत जालना गाठायचं, समृद्धीवर चढायचं, नागपूरला उतरायचं आणि तिथून चंद्रपूरकडे वळायचं. त्यामुळे कोकण, गोवा आणि महाबळेश्वर सोडून मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांच्या सुट्टीच्या यादीत 'वाघ' हा नवा मुक्काम आलाय.

यादीत तो आला त्यामागे इन्स्टाग्रामचाही हात आहे. जिप्सीसमोरून डौलात चालत जाणारी वाघीण, मागे चार बछडी, त्यावर एखादं गाणं. असा रील आपण सगळ्यांनी पाहिलाय. गंमत अशी की तो रील बघून जे निघालेत, त्यांना आता तसा रील काढता येणार नाही.

१७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांबद्दल एक मोठा निकाल दिला. त्यात इतर अनेक आदेशांसोबत एक ओळ अशी होती, की व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाईल वापरू देऊ नये. बातम्यांमध्ये हीच ओळ सगळ्यात जास्त चालली. 'आता सेल्फी बंद' अशा मथळ्यांखाली लोकांनी दोन्ही बाजूंनी भांडून घेतलं. पण ही बंदी का आली, ती कोणाला लागते आणि आपल्यासारख्या लांबून जाणाऱ्यांनी काय करायचं, हे बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलंच नाही.

प्रकरण मुळात मोबाईलचं नव्हतंच

हा खटला होता उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे पाखरो भागात 'टायगर सफारी' उभारायच्या नावाखाली बेकायदा बांधकामं झाली, झाडं तोडली गेली, असं ते प्रकरण. ते ऐकताना कोर्टानं देशातल्या सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांमधल्या पर्यटनाकडे बघितलं. खंडपीठात तीन न्यायमूर्ती होते. त्यातले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांची वकिली नागपूरची. म्हणजे तिघांतले दोघं वाघांच्या विदर्भातलेच. न्यायमूर्ती ए. जी. मसीह हे तिसरे. गवई निवृत्त व्हायला तेव्हा आठवडाही उरला नव्हता.

निकालाचा सूर असा होता, की निसर्ग पर्यटन ही चांगली गोष्ट आहे, पण त्याची जत्रा होता कामा नये. म्हणून रात्रीच्या पर्यटनावर पूर्ण बंदी आली. गाभ्यातून रस्ता जात असेल तर त्यावर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत, तातडीची गरज सोडून, वाहतूक बंद ठेवायला सांगितलं गेलं. प्रकल्पाच्या परिसरात शांतता क्षेत्रं जाहीर करायला सांगितलं गेलं. जंगलाच्या कडेला मोठमोठी रिसॉर्ट उभी करण्यापेक्षा गावातल्या लोकांनी चालवलेल्या होमस्टेला प्रोत्साहन द्या, असंही कोर्ट म्हणालं. मोबाईलची ओळ या सगळ्याच्या मध्ये येते.

महाराष्ट्रात मात्र मोबाईलचा विषय त्याच्या वर्षभर आधीच तापला होता.

३१ डिसेंबर, गोठणगाव आणि एक वाघीण

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या हद्दीवर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ जिथला होता आणि २०१६ मध्ये जिथून तो बेपत्ता झाला, तेच हे जंगल. २०२४ च्या शेवटच्या दिवसांत तिथल्या गोठणगाव भागात एफ-२ ही वाघीण तिच्या पाच बछड्यांसह पर्यटकांना दिसत होती. वर्षाची अखेर, सुट्ट्या, नागपूर जवळ. ३१ डिसेंबरला सफारीच्या गाड्यांनी या कुटुंबाची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. वाघीण आणि बछडी मध्ये, गाड्या पुढे आणि मागे, आणि प्रत्येक गाडीतून वर आलेले हात, हातात फोन.

हे आपल्याला कळलं कसं? त्याच फोनमधून निघालेल्या व्हिडिओमुळे. व्हिडिओ व्हायरल झाला, संबंधित गाईड आणि जिप्सीचालकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून याची दखल घेतली. त्यानंतर विदर्भातल्या जंगलांमध्ये सफारीला मोबाईल नेण्याबद्दलचे नियम कडक झाले. ताडोबाच्या गाभ्यात तर या दोन्ही न्यायालयांच्या आधीपासूनच मोबाईलला मनाई होती. म्हणजे सुप्रीम कोर्टाचा आदेश महाराष्ट्रासाठी अगदीच नवा नाही. जे इथे प्रकल्पागणिक वेगवेगळं होतं, ते देशभरात एकसारखं झालं.

इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती बोलायला हवी. ज्या फोनमुळे गर्दी झाली, त्याच फोनमुळे गर्दीचा पुरावाही मिळाला. उद्या फोन नसतील आणि तरीही गाड्यांनी वाघीण अडवली, तर बाहेर कळणार कसं? जिप्सींवर जीपीएस असेल, गेटवर नोंद असेल, पण ती वन विभागाच्या हातात. बंदी घालताना हा भाग वन विभागानं भरून काढायला हवा. गाड्यांचा मागोवा आणि त्यावर झालेली कारवाई लोकांना बघायला मिळायला हवी.

फोननं वाघाचं काय बिघडतं?

'फोटो काढल्यानं काय होतं?' हा साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फोटोत नाही. ते फोन आणि गर्दीच्या नात्यात आहे.

सफारीत वाघ दिसणं हा नशिबाचा भाग. गाईड पाऊलखुणा बघतो, सांबराचा किंवा वानराचा इशारा ऐकतो, आणि अंदाजानं गाडी उभी करायला लावतो. सांबर एका ठरावीक आवाजात ओरडलं की वाघ किंवा बिबट्या जवळपास आहे, हे जंगलातल्या माणसाला कळतं. हे काम हळू आहे. तासन् तास थांबावं लागतं. फोन आला की हा सगळा अंदाज एका कॉलवर येतो. एका गाडीला वाघ दिसला की दहा मिनिटांत तिथे दहा गाड्या. चालकावर दबाव असतो, कारण मागे बसलेल्यांनी हजारो रुपये मोजलेत आणि वाघ दिसला नाही तर ते ऑनलाइन एकच तारा देऊन जाणार. मग गाडी जोरात पळते, धुरळा उडतो, वाट अडते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फोनवरून टाकलेल्या फोटोसोबत जागा आणि वेळ जाऊ शकते. अमुक पाणवठ्यावर तमुक वाघीण रोज संध्याकाळी येते, ही माहिती पर्यटकाला जेवढी हवी असते तेवढीच ती शिकाऱ्यालाही हवी असते. ही भीती हवेतली नाही. २०१३ मध्ये पन्ना-२११ या वाघाच्या कॉलरवरून येणारी जागेची माहिती ज्या ईमेल खात्यात जात होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाल्याचं उघड झालं होतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, राजुऱ्याजवळ, वाघांच्या शिकारीत गुंतलेल्या आंतरराज्य टोळीचा छडा लागला.

बाकी कारणं तुम्हालाही सुचतील. गाडीतून फोन पडतो, तो उचलायला कोणीतरी खाली उतरतं. रिंग वाजते. वाघाकडे पाठ करून लोक सेल्फी घेतात.

पण मग कॅमेऱ्याचं काय?

खरा वाद इथे आहे आणि यावर फार कमी बोललं जातं. मोबाईल चालत नाही, कॅमेरा चालतो.

ज्याच्याकडे लाखाची लेन्स आहे तो वाघाचा फोटो घरी नेऊ शकतो. ज्याचा फोन हाच एकमेव कॅमेरा आहे, तो नेऊ शकत नाही. गेवराईतल्या शिक्षकाच्या, दुकानदाराच्या किंवा एसटीत काम करणाऱ्याच्या घरात वेगळा कॅमेरा असण्याची शक्यता किती? आजोबांना पहिल्यांदा रानगवा दिसला, तो क्षण टिपायला त्यांच्याकडे बाराशे रुपयांच्या हप्त्यावर घेतलेला फोनच आहे. नियमाचा हेतू योग्य असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक जिप्सीत गाईडजवळ वन विभागाचा एक साधा कॅमेरा ठेवता येईल, ज्यात सिम नाही, इंटरनेट नाही. गेटवर परत आल्यावर ठरावीक पैसे घेऊन फोटो द्यायचे. फोन बंद राहील आणि आठवणही मिळेल. हा माझा विचार आहे, कुठल्या आदेशात असं लिहिलेलं नाही.

कोर, बफर म्हणजे काय?

थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात. गाभा, म्हणजे कोर, हा वाघासाठी राखलेला. त्याभोवती बफर, जिथे गावं, शेती आणि जंगल एकत्र नांदतात. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर त्याहून मोठा, सुमारे ११०० चौरस किलोमीटर. गाभ्यात पर्यटन मुळात असावं का, यावरच २०१२ मध्ये मोठा वाद झाला होता. त्या वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं बंदच केलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालेल, हे तेव्हा ठरलं. म्हणजे आज आपण ज्या रस्त्यांवरून फिरतो, तो गाभ्याचा छोटा तुकडाच आहे आणि तोही एकदा हातातून गेलेला.

सुट्टीत फोन बंद, हे आपल्याला जमतं का?

सफारी साधारण चार तासांची. चार तास फोनशिवाय. हे वाक्य वाचून तुमच्या पोटात थोडं खड्डा पडल्यासारखं झालं असेल तर तुम्ही एकटे नाही.

कारण फोन म्हणजे फक्त रील नाही. तो ऑफिसही आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शनिवारी सकाळी 'फक्त दोन मिनिटांचं काम' येतं. शिक्षकांना सुट्टीतही ऑनलाइन माहिती भरायला सांगणारे मेसेज येतात. तलाठी, आशा, ग्रामसेवक, बँकेतले वसुलीवाले, या सगळ्यांचं काम आता ग्रुपवर चालतं आणि ग्रुपला सुट्टी नसते. आमच्या धंद्यात तर विचारूच नका.

यावर कायदा करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातूनच झाला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर कामाचे फोन आणि ईमेल न घेण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत आधी एकदा मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. त्याचं पुढे काय होणार? इतिहास बघितला तर फार आशा नाही. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सध्या तरी साहेबाला 'रेंज नव्हती' सांगण्यापलीकडे दुसरा कायदा नाही. त्या दृष्टीनं 'कोर्टाचा आदेश होता, फोन बंद होता' हे कारण भारी पडावं!

पण आदेशाशिवायही काही ठिकाणी हे जमलंय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हातात फोन गेला होता, तो परत कसा काढायचा, या प्रश्नातून हा भोंगा आला. त्यात महत्त्वाची गोष्ट अशी की पोरांचेच नाही, घरातल्या सगळ्यांचे फोन बंद व्हायचे. सफारीतही तेच होतं. बाप स्वतः फोन बघत पोराला 'बाहेर बघ' म्हणतोय, हा प्रकार तिथे होऊ शकत नाही.

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे येऊ

मराठवाड्यात एकही व्याघ्र प्रकल्प नाही. राज्यातले सहाच्या सहा, ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री, विदर्भात आणि पश्चिम घाटात आहेत. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला, त्यात आपला वाटा शून्य. म्हणून आपल्याला वाटतं, वन्यजीव म्हणजे लांब जाऊन, तिकीट काढून बघायची गोष्ट.

वाघाला मात्र जिल्ह्यांच्या हद्दी माहीत नसतात. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं हे जंगल. त्याला पकडून हलवायचं ठरलं, पथकं आली, पण तो कित्येक आठवडे हुलकावणी देत राहिला. ज्या वाघासाठी आपण पाचशे किलोमीटर जातो, तोच जवळपास तेवढंच चालत आपल्या शेजारी आला. तेव्हा त्या भागातल्या शेतकऱ्याला त्याचं कौतुक वाटलं नाही, रात्री पाण्याची पाळी कशी द्यायची याची काळजी वाटली. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आष्टी आणि करमाळा भागात एका बिबट्यानं अनेक बळी घेतले आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली, हे बीड जिल्हा विसरलेला नाही.

आणि गेवराईबद्दल बोलताना ऊसतोड वगळता येत नाही. दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. तीही कुटुंबासह घरापासून लांब. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, जिथे आता बिबट्यांची पैदास होते. त्यांना वन्यजीव बघायला गेटवर पैसे भरावे लागत नाहीत. पहाटे तीनला फडात शिरताना फोनची बॅटरी हाच त्यांचा दिवा असतो. चंद्रपुरातही वाघाच्या बाजूला राहणाऱ्यांची कथा वेगळी नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबरच्या त्याच निकालात कोर्टानं मानव-वन्यजीव संघर्षाला नैसर्गिक आपत्ती मानण्याचा विचार राज्यांनी करावा आणि मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असंही सांगितलंय. सेल्फीबंदीच्या मथळ्यांत ही ओळ कुठेच दिसली नाही. माझ्या मते निकालातली सगळ्यात मोठी ओळ तीच होती.

तरी जायचंय? मग हे लक्षात ठेवा

ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, पूर्ण बंद. जिप्सीत सहा पर्यटक, एक गाईड आणि चालक. म्हणजे आठ जणांच्या कुटुंबाला दोन गाड्या लागतात. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणतात. ते बरंचसं खरं आहे, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या जिप्सीत म्हातारी माणसं आणि लहान लेकरं घेऊन बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फेब्रुवारी-मार्च बरा.

बुकिंग ऑनलाइनच होतं आणि ते फक्त सरकारी संकेतस्थळावरून करा. फेसबुकवर 'कन्फर्म गेट' देणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं काम करणाऱ्या एजन्सीविरोधातच १२ कोटींहून जास्त रकमेच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला होता, तिथे अनोळखी एजंटचं काय घेऊन बसलात!

फोन चालणार नाही म्हटल्यावर ओळखपत्र फोनमध्ये असून उपयोग नाही. बुकिंग करताना ज्याचा नंबर टाकला तेच मूळ ओळखपत्र सगळ्यांचं सोबत ठेवा, बुकिंगची छापील प्रत ठेवा. थोडी रोख ठेवा. घरी म्हाताऱ्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, की अमुक ते अमुक वेळेत फोन लागणार नाही. फोन गेटवर जमा करायचा की मुक्कामी ठेवायचा, हे रिसॉर्टवाल्याला आदल्या रात्री विचारा. पहाटे पाचला गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. साधी दुर्बीण मिळाली तर घ्या. पोरांना एक वही द्या, दिसलेल्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची नावं लिहायला.

आणि बजेट बसत नसेल तर जवळही जागा आहेत. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोरांसाठी राखलेली अशी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे आणि जिल्ह्यातल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाही. पैठणला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आहे. गेवराईहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं, आणि हिवाळ्यात नाथसागराच्या कडेला रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. काळवीट बघायचं असेल तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. क्षेत्र फक्त सव्वादोन चौरस किलोमीटर, पण काळवीट दिसायला फार वाट बघावी लागत नाही.

या तिन्ही ठिकाणी सुप्रीम कोर्टाचा मोबाईलबंदीचा आदेश लागत नाही, कारण ते व्याघ्र प्रकल्प नाहीत. तिथे फोन खिशात राहील की हातात, हे मात्र कोर्ट ठरवणार नाही, घरातल्यांनाच ठरवावं लागेल. मोर पिसारा फुलवतो तो बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर, पहाटे किंवा उन्हं कलल्यावर. नायगावला जायचं तर जूनच्या पहिल्या पावसानंतर, सकाळी सहाच्या आत पोहोचा.